‘गावठाण’ या संज्ञेची चिकित्सा

नगररचनेचा विचार ज्या संज्ञांच्या साह्याने केला जातो, त्या संज्ञा तटस्थ असतात असा समज रूढ आहे. वस्तुतः संज्ञा स्वीकारताच प्रश्नाच्या उत्तराची दिशाही बव्हंशी ठरून जाते. जुन्या वस्तीच्या गाभ्यात माणसे पुन्हा राहावयास कशी येतील, हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही. नारायणगावसारख्या बाजारपेठेच्या गावासही तो लागू पडतो. म्हणूनच त्याची चर्चा ज्या शब्दांत होते, ते शब्द प्रथम तपासून पाहणे अवश्य आहे.

मराठीतील जुना भेद ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असा आहे. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या १९१५ च्या ग्रंथात हीच परिभाषा आढळते. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती व गुरांचे शेण पिढ्यानुपिढ्या साचून वस्तीच्या भूमीस तो रंग येतो. अर्थात पांढरी ही वास्तव्यानेच घडलेली भूमी होय. ‘गावठाण’ या शब्दात मात्र केवळ स्थानाचा निर्देश आहे; त्यातील ‘ठाण’ म्हणजे संस्कृत ‘स्थान’. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हा शब्द गाव, नगर व शहर या तिहींच्या वस्तीच्या जागेस लावला आणि त्यास हद्दीचा अर्थ दिला. पुढे २०२० च्या राज्यव्यापी विकास नियंत्रण नियमावलीत हेच क्षेत्र ‘दाट वस्ती’ या सदरात गणले गेले. संज्ञेच्या या प्रवासात माणूस प्रथम कर्ता होता, नंतर तो गृहीत धरला गेला, आणि अखेरीस त्याचे असणे हीच अडचण ठरली.

या वर्गीकरणामागे उपयुक्त हेतू नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अरुंद आळीतील घरास नव्या वसाहतीचे नियम लावले, तर तेथे बांधकामच अशक्य होईल. म्हणून दाट वस्तीस मोकळ्या जागेच्या अटींत सवलत दिलेली असते. परंतु ही सवलत बांधकामाची आहे. राहणाऱ्याचा विचार तीत ओघाने येत नाही.

नारायणगावचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मीना नदीकाठचे हे गाव पुणे-नाशिक मार्गावरील मोठे व्यापारकेंद्र असून टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तमाशाची पंढरी म्हणूनही त्याची ख्याती आहे. यात्रांच्या सुपाऱ्या देण्यासाठी गावोगावचे लोक पाडव्याच्या सुमारास येथील राहुट्यांकडे येतात. तेव्हा गर्दी आहे. पण गर्दी म्हणजे वस्ती नव्हे. कुकडी प्रकल्पाचे पाणी या भागास मिळाल्यापासून शेतकऱ्याचा संसार मळ्यात स्थिरावला. गोठा, विहिरीवरील मोटार व रात्रीचे पाणी यांसाठी शेतातच राहणे त्यास सोयीचे झाले. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचा वावर वाढला, तरीही मळ्यांतील घरे सुटलेली नाहीत. यावरून या कारणांचे बळ ध्यानात यावे. अशा शेतकऱ्यास गावठाणात परत बोलावणे व्यर्थ होय. गावठाणाची खरी गरज ज्यास मळा नाही त्यास आहे: बाजारातील हमाल, दुकानातील नोकर, बदलून आलेला शिक्षक, फडातील कलावंत.

येथे भाषेतील एक भेद उपयोगी पडतो. गाव ‘वसते’, माणूस ‘राहतो’, कुटुंब ‘नांदते’. ‘नांदणे’ हे क्रियापद ‘नन्द्’ या धातूपासून आले असून त्यात वास्तव्याबरोबरच स्वास्थ्य अभिप्रेत आहे. दुरुस्त करून कुलूप लावलेला वाडा पडका नसतो. पण तो नांदताही नसतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेने गावठाणातील घरांची ड्रोनद्वारा मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे कार्य हाती घेतले. हे कार्य मोलाचे आहे. तथापि घर कोणाचे हे त्याने ठरेल, घरात कोण नांदेल हे ठरणार नाही. एकाच घरास अनेक वारस असले व त्यांपैकी बरेच परगावी असले, तर पत्रिकेवर नावे चढूनही दार बंदच राहू शकते.

इटलीतील बोलोन्या नगरीने १९७३ मध्ये जुन्या गाभ्यातील घरांची दुरुस्ती सार्वजनिक गृहनिर्माणाच्या योजनेत आणली, आणि तेथील सामान्य रहिवासी तेथेच टिकणे हा जतनाचाच भाग मानला. नारायणगावची परिस्थिती वेगळी आहे. तेथील योजना जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. तिच्यामागील दृष्टी मात्र घेण्याजोगी आहे. वारसांच्या संमतीने घर भाड्याने देण्याची सुलभ व्यवस्था, दुरुस्तीस अर्थसाह्य आणि आळीपर्यंत पाणी व सांडपाण्याची सोय, एवढ्या गोष्टी प्रथम साधाव्या लागतील. त्या साधल्या नाहीत, तर गावठाण नकाशावर शाबूत राहील आणि पांढरी मात्र ओस पडेल.