नवल आणि नाव

मुलांना निसर्ग कसा शिकवावा, या विषयावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. त्यातील बरेचसे लेखन शिक्षकांच्या कपाटात शिरले आणि तेथेच राहिले. रेचल कार्सन यांचे ‘द सेन्स ऑफ वंडर’ हे छोटेखानी पुस्तक याला ठळक अपवाद आहे. मूळ लेख जुलै १९५६ मध्ये ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाला. त्याचा विस्तार करावा, असे लेखिकेच्या मनात होते. मध्यंतरी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ आले आणि कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविरुद्ध त्याने जगाला जागे केले. पुढे १४ एप्रिल १९६४ रोजी कार्सन यांचे निधन झाले. विस्तार राहिला तो राहिलाच. १९६५ साली तो लेखच छायाचित्रांसह पुस्तकरूपाने निघाला. मुलांना रानावनात, समुद्रकिनारी नेऊन शिकविणारे अनेक शिक्षक आज या पुस्तकाला आपला आधार मानतात. ज्या ग्रंथाच्या बळावर माणसे मुलांच्या मनाला हात घालतात, त्याचा नुसता गौरव करून भागत नाही. तो कसोटीला लावावा लागतो.

पुस्तकाचा आरंभ विसरता येण्यासारखा नाही. शरद ऋतूतील वादळी रात्र, मेनचा किनारा, आणि अवघ्या वीस महिन्यांच्या रॉजरला घोंगडीत गुंडाळून लाटांच्या काठी घेऊन गेलेली लेखिका. रॉजर हा त्यांच्या भाचीचा मुलगा. भाचीच्या मृत्यूनंतर, १९५७ साली, कार्सन यांनी त्याला दत्तक घेतले. पुढे पावसात भिजलेले अरण्य येते, विजेरीच्या उजेडात पळणारे खेकडे येतात, भिंगाखाली वाळूचे कण येतात. सूचिपर्णी वृक्षांची इवली रोपे पाहून ‘हे कोणत्या प्राण्याचे नाताळचे झाड?’ असा खेळ रंगतो. लेखिका कोठेही धडा देत नाही. ती केवळ आपला आनंद बोलून दाखविते, आणि मूल न शिकविताच शंख-शिंपल्यांची नावे उचलते.

या अनुभवातून कार्सन जो सिद्धान्त काढतात, तोच पुस्तकाचा गाभा आहे. मुलाची उपजत नवलाई टिकायची असेल, तर तिच्यात सहभागी होणारे निदान एक वडीलधारे माणूस त्याला हवे. त्या माणसाला शास्त्र यावेच असे नाही. एकाही ताऱ्याचे नाव ठाऊक नसले, तरी मुलाचा हात धरून आभाळाखाली उभे राहता येते. माहितीला त्यांनी बियाण्याची आणि भावनेला मातीची उपमा दिली आहे. लहानपण हा माती तयार करण्याचा काळ आहे, म्हणून जाणण्यापेक्षा जाणवण्याला त्यांनी अधिक मोल दिले आहे.

हा विचार मोहक आहे, आणि पाठांतराला विटलेल्या आपल्या शाळांना त्याची गरजही आहे. परंतु येथेच पहिली शंका उभी राहते. जी लेखिका नावांना गौण मानते, ती स्वतः शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होती. समुद्रावरील तीन ग्रंथ तिने हा लेख लिहिण्यापूर्वीच सिद्ध केले होते. रात्रीच्या किनाऱ्यावर विजेरी कोठे रोखायची, हे तिला ठाऊक होते. कोणत्या दगडावरील शेवाळ भिंगाखाली धरावे, हेही ठाऊक होते. ज्याच्यापाशी ज्ञान आहे, त्याने मुलासमोर मौन पाळणे हा संयम होय. ज्याच्यापाशी ते मुळीच नाही, त्याचे मौन हे निव्वळ मौन असते. पुस्तक वाचताना हा भेद ध्यानी येत नाही, कारण लेखिकेने विनयापोटी आपली विद्वत्ता पडद्याआड ठेवली आहे. तिच्या अनुयायांनी त्या पडद्यालाच तत्त्वज्ञान मानले, हा दोष सर्वस्वी तिचा नव्हे. पण त्याला वाव पुस्तकातच आहे.

ही विद्वत्ता कोठून आली, हे पाहू लागले की आणखी एक ग्रंथ पुढे येतो. कार्सन यांना लहानपणी रानात फिरविले ते त्यांच्या आईने, आणि आईच्या मागे होती अमेरिकेतील ‘नेचर स्टडी’ची चळवळ. त्या चळवळीचा प्रमुख ग्रंथ म्हणजे ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांचे ‘हँडबुक ऑफ नेचर स्टडी’. १९११ साली निघालेल्या या ग्रंथाची पृष्ठे नऊशेहून अधिक आहेत. न्यूयॉर्क राज्यातील खेड्यांत शेती खालावली, तरुण शहराकडे निघाले, तेव्हा शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या भूमीविषयी आस्था वाटावी, या हेतूने कॉर्नेल विद्यापीठाने खेड्यातील शिक्षकांसाठी पत्रके काढली. या ग्रंथाचे मूळ त्यांत आहे. पाठांसोबत प्रश्नांची माळ आहे. पक्ष्याची चोच कशी आहे, पान देठाला कसे जोडले आहे, हे मुलाने स्वतः पाहून सांगायचे. उत्तर शिक्षकाला ठाऊक नसेल, तर त्याने तसे प्रांजळपणे सांगावे आणि मुलाबरोबर शोधाला लागावे, असे कॉमस्टॉक बजावतात.

कार्सन यांचे अज्ञ वडीलधारे माणूस आणि कॉमस्टॉक यांचा अज्ञ शिक्षक, हे वरवर सारखे दिसतात. पण दोघांत मोठे अंतर आहे. पहिल्याचे अज्ञान नवलापाशी थांबू शकते. दुसऱ्याचे अज्ञान त्याला कामाला लावते. कॉमस्टॉक यांच्या गद्यात कार्सन यांचे काव्य नाही. प्रश्नांच्या माळा कधी कधी कंटाळा आणतात, हेही खरे. तरीही कार्सन यांच्या घराचा पाया या कंटाळवाण्या दगडांचा आहे, हे विसरू नये.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. कार्सन यांच्या पुस्तकात मूल एकच आहे, वडीलधारे माणूसही एकच आहे, आणि दोघांपाशी वेळ आहे. किनारा सुट्टीतील आहे, रान पायी भटकण्याचे आहे. त्या किनाऱ्यावर कोणी जाळे ओढीत नाही, त्या रानातून कोणी मोळी आणीत नाही. ज्या मुलाला रान हेच कामाचे ठिकाण आहे, त्याला नवलाई कशी शिकवायची? हा प्रश्न पुस्तकात उद्भवतच नाही. तो आपल्याच परिसरात, कोसबादच्या टेकडीवर उद्भवला.

ताराबाई मोडक यांनी १९४५ च्या डिसेंबरात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाद येथे गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. वारली मुले शाळेत येत नव्हती. आळस हे त्याचे कारण नव्हते. त्यांना गुरे चारायची होती, धाकटी भावंडे सांभाळायची होती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून कपाळाला हात न लावता या दोघींनी शाळाच गुरांच्या मागे नेली. तीच कुरणशाळा. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती, तेव्हा पाने, बिया, खडे, शिंपले ही साधने झाली.

शिक्षणशास्त्राचे ग्रंथ कुरणशाळेची नोंद गरिबांसाठी केलेली एक सोय म्हणून घेतात. प्रस्तुत लेखकाला तिच्यात एक मोठा वैचारिक पालट दिसतो. कार्सन यांच्या किनाऱ्यावर जाणते माणूस अजाण मुलाला निसर्गाकडे नेते. कुरणात मूल आधीच निसर्गात आहे. कोणते गवत गुरांना चालते, पाऊस कोणत्या बाजूने चढतो, हे बाहेरून आलेल्या शिक्षिकेपेक्षा त्याला अधिक कळते. नावे त्याच्यापाशी आहेत, पण ती त्याच्या बोलीतली आहेत आणि पाठ्यपुस्तकाला ती ठाऊक नाहीत. अशा ठिकाणी नावांना गौण लेखणे ही चैन ठरते. तेथे शिक्षिकेचे पहिले काम ऐकण्याचे असते. मुलाला जे येते ते ज्ञानच आहे, हे त्याला कळू देणे म्हणजेच त्याचा सन्मान करणे होय. कार्सन यांच्या विचारात मुलाविषयी अपार माया आहे. हा सन्मान मात्र तेथे शोधावा लागतो.

ताराबाईंची परंपरा भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यापाशी पोहोचते, आणि तेथून मारिया माँटेसोरी यांच्यापाशी. माँटेसोरी या कॅथलिक. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि युद्धकाळात येथेच अडकून पडल्या. त्यांच्या मूळ ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली झाले. त्यात झाडे लावणे आणि प्राणी पाळणे यांवर एक प्रकरण आहे. पेरलेले बी उगवेपर्यंत मुलाला थांबावे लागते. या थांबण्यातून धीर येतो, विश्वासाने वाट पाहण्याची सवय लागते, आणि असे वाट पाहणे हा श्रद्धेचाच एक प्रकार आहे, असे त्या म्हणतात. कार्सन यांच्या उपमेत बी आहे, माती आहे. पण पेरून थांबणारा शेतकरी नाही. माँटेसोरी यांनी तो मुलालाच केले. नवल क्षणाचे असते, वाट पाहणे ऋतूभराचे. निसर्गाचे शिक्षण या दोहोंपैकी एकावर उभे राहत नाही.

येथे एका जुन्या गुरूची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रभू येशूने डोंगरावर, सरोवराकाठी, शेताच्या बांधावर शिकविले. पेरणारा, मोहरीचा दाणा, अंजिराचे झाड ही त्याची साधने. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो श्रोत्यांना पाखरांकडे व रानफुलांकडे वळवितो. तेथे मूळ ग्रीकमध्ये दोन निरनिराळी क्रियापदे आली आहेत. पाखरांसाठी आलेल्या क्रियापदाचा अर्थ निरखून पाहणे असा आहे. फुलांसाठी आलेल्या क्रियापदाचा अर्थ नीट शिकून घेणे असा आहे, आणि ‘शिष्य’ या अर्थाचा ग्रीक शब्दही त्याच धातूपासून आला आहे. भाषांतरात हा भेद सहसा पुसला जातो. पाहा आणि शिका, नवल करा आणि अभ्यास करा, या दोन्ही आज्ञा तेथे शेजारी-शेजारी उभ्या आहेत. कार्सन यांनी पहिली आज्ञा अप्रतिम सांगितली. दुसरी त्यांनी आयुष्यभर स्वतः पाळली, पण या पुस्तकात ती दबक्या आवाजात आली.

हा वाद आपल्या दारापर्यंत येतो, म्हणूनच तो येथे मांडला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात पर्यावरणाच्या शिक्षणाचा विचार केला. नुसती माहिती पुरत नाही, सवयी घडल्या पाहिजेत, सौंदर्य पाहण्याची दृष्टी आली पाहिजे, हे तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर आपल्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात रोपे वाटली जातात, चित्रे रंगविली जातात, मुलांना सहलीला नेले जाते. हे सारे चांगलेच आहे. परंतु वसईच्या वाडीत वाढणारे मूल बावखल पाहण्यासाठी आजोबांचा हात न धरता शिबिराची बस धरते, तेव्हा काहीतरी उलटे झाले आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. बावखले बुजत आहेत, त्यांबरोबर काठच्या झाडांची, पाणपक्ष्यांची, केळीच्या जातींची घरच्या बोलीतली नावेही बुजत आहेत. ज्या मुलाला त्या जागेचे नावच ठाऊक नाही, त्याला ती बुजविली गेल्याचे कळणार तरी कसे? नुसत्या नवलाने हे नुकसान भरून निघत नाही. नाव म्हणजे केवळ माहिती नव्हे, ती साक्षही असते.

तेव्हा कार्सन यांचे पुस्तक आपल्या शिक्षकांनी, धर्मशिक्षकांनी आणि आईवडिलांनी जरूर वाचावे. मुलाबरोबर अंधारात उभे राहण्याची कला इतक्या थोड्या पानांत दुसऱ्या कोणी शिकविलेली या लेखकाच्या पाहण्यात नाही. मात्र ते वाचून झाल्यावर वाडीतल्या एखाद्या वृद्धाला मुलांमध्ये बसवावे, त्याला नावे विचारावीत, आणि मुलांकडून ती वहीत लिहून घ्यावीत. कुरणशाळेला याहून अधिक भांडवल लागले नव्हते.

पुस्तकाच्या अखेरीस कार्सन यांनी ओटो पेटर्सन या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाची आठवण सांगितली आहे. तो नव्वदीहून अधिक वर्षे जगला. शेवटच्या घटकेला आपल्याला आधार असेल तो पुढे काय आहे याच्या अमर्याद कुतूहलाचा, असे त्याने मुलाला सांगितले होते. कार्सन यांना त्यात नवलाईचा विजय दिसतो. श्रद्धावंत वाचकाला त्यात आणखी काही दिसेल. पण ज्याच्या कुतूहलाने मृत्यूच्या दारातही पाठ फिरविली नाही, तो माणूस आयुष्यभर समुद्राची खोली मोजीत आला होता, एवढे आपण विसरू नये. त्याचे नवल त्या मोजण्यातून परिपक्व झाले होते.