दुर्मिळ, पण कितींमध्ये?

संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे शाळांमधून सरसकट म्हटले जाते. ‘एलीट डेंजरस’ या खेळाला हा शेरा मारण्यापूर्वी मात्र थोडे थांबावे लागेल. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे. ज्ञात तारे तारासूचींमधून घेतले आहेत, बाकीचे संगणकाने ठरावीक नियमांनुसार निर्माण केले आहेत. एकूण ताराप्रणाली सुमारे ४०० अब्ज. सेकंदाला एक पाहिली, तरी सर्व पाहायला १२,६०० वर्षांहून अधिक काळ लागेल! विश्वाच्या पसाऱ्याची अशी जाणीव पाठ्यपुस्तकातील आकड्यांनी क्वचितच होते.

एखाद्या ग्रहाची पाहणी करून ती माहिती परत आणून जमा केली, की प्रथम शोधक म्हणून खेळाडूचे नाव त्या ग्रहाला कायमचे जोडले जाते. म्हणून कृष्णविवरे, वुल्फ-रायेट तारे, पृथ्वीसारखे ग्रह यांच्या नोंदी खेळाडू मोठ्या हौसेने ठेवतात. ही हौस स्तुत्य आहे. पण हे विज्ञान आहे काय?

माझा आक्षेप एकाच मुद्द्यावर आहे. ‘मला पृथ्वीसारखे १० ग्रह सापडले’ या विधानात छेद नाही. वाटेत किती बर्फाळ गोळे ओलांडले, याची नोंद नसेल तर दुर्मिळतेविषयी काहीच सांगता येत नाही. शिवाय प्रवाशांचे लोंढे आकाशगंगेच्या केंद्राकडे आणि सुंदर तेजोमेघांकडे वळतात. प्रणालीच्या नावातील अक्षरावरून वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो, त्यामुळे जाणते खेळाडू कृष्णविवरे नेमकी हेरतात. असा नमुना निःपक्षपाती कसा असेल?

खऱ्या खगोलशास्त्रालाही हा दोष चुकलेला नाही. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूसारखा, पण अवघ्या ४.२ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह सापडला. पुढे असे बरेच सापडले, कारण ते सापडायला सोपे होते. प्रत्यक्षात सूर्यासारख्या १०० ताऱ्यांमागे जेमतेम एकाभोवती असा ग्रह असतो. पृथ्वीसारख्या कक्षेतील ग्रह आपल्या दृष्टिरेषेत ताऱ्यासमोरून जाण्याची शक्यता २०० मध्ये एक. म्हणूनच केप्लर दुर्बिणीने दीड लाखाहून अधिक तारे न्याहाळले आणि शास्त्रज्ञांनी न दिसलेल्यांचाही हिशेब मांडला.

खेळातील पाहणीयंत्र वस्तुमान क्षणात सांगते, त्रुटीची मर्यादा सांगत नाही. आणि त्यातील दुर्मिळता निसर्गाची नसून नियम लिहिणाऱ्यांची आहे. याउलट, २०१७ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात कोरो उपग्रहाने टिपलेले ताऱ्यांच्या तेजाचे खरे आलेख खेळाडूंपुढे ठेवले गेले. तेथे हौसेला खरे काम मिळाले.

तरीही ‘एलीट’चे काही खेळाडू भेटलेल्या प्रत्येक गोलाची माहिती सामायिक संग्रहात पाठवतात. माझ्या मते खरे संशोधकी वळण त्यांचेच. शिक्षकांनी हा खेळ मुलांना जरूर दाखवावा. त्यानंतर आठवडाभर शाळेच्या आवारातील पक्षी मोजायला सांगावे. खंड्या दिसला, तर त्याच पानावर त्या दिवशीचे कावळे आणि साळुंक्याही लिहायला लावाव्यात.