शक्यता आभाळाची, 'करावे' शेतकऱ्याचे

मराठवाड्यात जून महिन्यात सर्वांत काळजीपूर्वक वाचला जाणारा गद्यप्रकार हवामानाचा अंदाज हाच असावा. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत तो व्हॉट्सॲपवर फिरतो, पारावर मोठ्यानं वाचून दाखवला जातो आणि त्यातल्या एखाद्या क्रियापदावर बियाण्याच्या बॅगा फोडायच्या की थांबायचं हे ठरतं. एवढं वजन ज्यावर पडतं त्या मजकुराची चिकित्सा होते ती मात्र 'खरा ठरला की खोटा' एवढ्याच अंगानं. त्याची भाषा कुणी तपासत नाही. ती तपासायची तर आधी इंग्रजीकडे जावं लागतं, कारण हा मजकूर मराठीत छापला गेला तरी त्याची मोजमापं इंग्रजीतली आहेत.

खात्री नसलेली गोष्ट सांगायला इंग्रजीकडे दोन मुख्य साधनं आहेत. एक म्हणजे मोडल क्रियापदं: मे, माइट, कुड, शुड, विल. दुसरं म्हणजे क्रियाविशेषणं: पॉसिब्ली, प्रॉबेब्ली, सर्टनली. ही दोन्ही एका वाक्यात आली की मजा सुरू होते. 'इट मे पॉसिब्ली रेन' या वाक्यात दोघं एकाच सुरात बोलतात. अनिश्चितता दुप्पट होत नाही, एकच शंका दोनदा उच्चारली जाते. हॅलिडे यांनी १९७० च्या एका निबंधात या प्रकाराकडे लक्ष वेधलं, आणि जॉन लायन्स यांच्या 'सिमँटिक्स' (१९७७) या ग्रंथात अशा जोड्यांना 'हार्मोनिक', म्हणजे सुसंवादी, म्हटलेलं आहे. उलट 'इट मे सर्टनली रेन' घ्या. इथे 'सर्टनली' पावसाची खात्री देत नाही, 'मे'ची देते: पाऊस पडू शकतो, हे नक्की. एक शब्द दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बोलतो. आणि 'मे वेल रेन'मधलं ते एवढंसं 'वेल' शक्यतेला हलकेच वर उचलतं.

मराठीला हे परकं नाही. 'कदाचित पडू शकेल' ही आपली सुसंवादी जोडी. शिवाय आपल्याकडे बरंचसं काम प्रत्ययच करतात. पडेल, पडेलच, पडणार, पडावा, पडेल बहुतेक: पाच वाक्यं, पाच वजनं, आणि जालन्याच्या मोंढ्यातल्या कोणत्याही माणसाला त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. 'आता तो घरी असेल' मधल्या 'असेल'ला भविष्यकाळ म्हणणं ही केवळ रूपाची नोंद झाली. अर्थानं तो तर्क आहे.

आता अंदाजाकडे येऊ. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांत शक्यतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. २५ टक्क्यांहून कमी असेल तर 'अनलाइकली', २५ ते ५० ला 'लाइकली', ५० ते ७५ ला 'व्हेरी लाइकली' आणि ७५ च्या वर 'मोस्ट लाइकली'. म्हणजे नुसतं 'लाइकली' लिहिलं असेल तर न पडण्याची बाजू जड आहे! सामान्य इंग्रजी वाचक 'लाइकली'चा अर्थ असा कधीच घेणार नाही. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांत 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९०. शब्द तोच, भाषा तीच, विषयही शेजारचाच, आणि आकडे इतके दूर.

मराठीत येताना या पायऱ्यांचं काय होतं? बहुतेक वेळा सगळ्यांचं एकच होतं: 'शक्यता आहे'. गंमत अशी की सर्वांत खालच्या 'लाइकली'साठी हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा अचूक आहे. पंचवीस-चाळीस टक्क्यांना 'शक्यता' म्हणणं अगदी रास्त. घोटाळा वरच्या दोन पायऱ्यांचा होतो. 'व्हेरी'साठी कधीमधी 'खूप शक्यता' असं लिहिलेलं आढळतं, ते कानाला खटकतं. बोलताना आपण 'दाट शक्यता' म्हणतो. इतका नेमका आणि ढगांना शोभणारा शब्द भाषेत तयार असताना तो वगळायचा कशाला? बातमीत तर 'व्हेरी' आणि 'मोस्ट' दोन्ही गळून पडतात आणि उरते ती 'पाऊस पडू शकण्याची शक्यता' किंवा 'शक्यता नाकारता येत नाही'. पहिलं रूप सुसंवादी जोडीचं विडंबन आहे, दुसऱ्यात बोलणारा वाक्यातून मागच्या दारानं निघून गेलेला असतो.

यात आणखी एक गुंता आहे. अंदाजात 'किती नक्की' याच्या जोडीला 'किती जागी' हेही येतं. इंग्रजीतल्या 'आयसोलेटेड'ला आपण 'तुरळक ठिकाणी' म्हणतो, आणि त्याचा अर्थ जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी व्हेरी लाइकली' याचा अर्थ असा: थोड्याच जागी पडेल, पण पडेल याची बऱ्यापैकी खात्री. यातलं 'व्हेरी' काढून 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता' एवढंच ठेवलं की 'तुरळक'चा हलकेपणा शक्यतेलाही चिकटतो. वाचणारा म्हणतो, म्हणजे काही नाही पडत. घनसावंगीत तो पडतो, परतुरात आभाळ कोरडं राहतं, आणि दोन्हीकडचे लोक अंदाजाला शिव्या देतात. अंदाज बरोबर असतो, तरीही.

पण मला खरी खटकते ती पुढची ओळ. कृषी सल्ल्याची रचना ठरलेली असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मराठवाड्यासाठीचा सल्ला असो की आणखी कुणाचा, आधीचं वाक्य 'शक्यता आहे'चं, लगेच नंतरचं '-वी'चं: फवारणी पुढे ढकलावी, काढलेला माल सुरक्षित जागी ठेवावा, पेरणीची घाई करू नये. शाळेच्या व्याकरणात या रूपाला विध्यर्थ म्हणतात आणि त्याचे अर्थ सांगतात कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा. एकाच '-वा'त तर्कही आहे ('पाऊस पडला असावा') आणि कर्तव्यही ('पेरणी करावी'). इंग्रजी 'शुड'चं वागणं नेमकं असंच आहे: पाऊस शुक्रवारपर्यंत 'शुड' येईल, आणि शेतकऱ्यानं 'शुड' थांबावं. दोन भाषांत ही दुतोंडी सोय निर्माण व्हावी याचं मला नवल वाटत नाही. सल्ल्यात तिची वाटणी कशी होते, ते मात्र पाहण्यासारखं आहे. तर्काचा भाग आभाळाच्या वाट्याला, कर्तव्याचा शेतकऱ्याच्या. पहिल्या वाक्यात ४० टक्के आहेत की ८०, हे दुसऱ्या वाक्यातल्या 'करावी'वरून कळायला काहीच मार्ग नाही. 'करावी' नेहमी शंभर टक्क्यांचीच असते. दाट शक्यता असेल तर 'करावी', नुसती शक्यता असेल तर 'करायला हरकत नाही' किंवा 'केलेली बरी', एवढा भेद ठेवला तरी पुरे. 'केलेली बरी' हे सरकारी कागदावर शोभणार नाही असं कुणी म्हणेल. पण सल्ला देणारी माणसं घरी असंच बोलतात.

ही पोकळी भरून निघते ती नि:शंक भविष्यकाळानं. जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी भाकीत सांगतात, आणि त्या भाकितात 'शक्यता' हा शब्द पाहुण्यासारखा आहे. पाऊस साधारण राहील, अमुक पीक मोघम राहील. 'मोघम' हा खास तिथला शब्द, आणि फसवाही: मधल्या पिकाला मधलं म्हणताना तो भाकितालाच धूसर करून ठेवतो. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर पाऊस चांगला, तिथेही क्रियापदाला शंका माहीत नाही. मोबाइलवरून तारखा देणाऱ्यांचा जोर '-णार'वर असतो: १२ तारखेला येणार. या सगळ्यांवर अंधश्रद्धेचा शिक्का मारून मोकळं होता येतं, पण त्यांचं व्याकरण ऐकणाऱ्याशी थेट बोलतं, हे मान्य करावं लागेल. '-णार' म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. 'नाकारता येत नाही' म्हणणाऱ्याला कुणी बांधूच शकत नाही.

कृषी खात्याच्या सूचनांत एकच वाक्य या सगळ्यापासून मोकळं आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. त्यात अंदाज नाही, 'शक्यता' नाही, कदाचित नाही. '-ल्याशिवाय' हा संकेत आहे आणि 'करू नये' त्याच्या मागून येतं, म्हणून इथे विध्यर्थाला आधार आहे. दुबार पेरणीचा खर्च सोसलेल्या माणसाला हे वाक्य उलगडून सांगावं लागत नाही. त्यातला 'झाला' कुठे झाला, एवढं मात्र ते सांगत नाही. पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या गावी, आणि पेरायचं असतं ते रान तिथून दहा-बारा किलोमीटरवर.