त्या आईने माफ करू नये

फ्योदोर दस्तयेव्हस्कीच्या ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’मधलं ‘बंड’ हे प्रकरण गावातल्या एका खानावळीत घडतं. पडद्याआड दोघे भाऊ बसलेत, पलीकडून बिलियर्डचे आवाज येताहेत. इव्हान मठात राहणाऱ्या धाकट्या अल्योशासाठी माशाचं सार मागवतो, चहा मागवतो आणि चेरीचा मुरांबाही मागवतो, कारण लहानपणी अल्योशाला तो आवडायचा हे त्याच्या लक्षात आहे. पुढची पानं वाचताना हा मुरांबा विसरू नये. देवाच्या न्यायावर इतका कठोर हल्ला चढवणारा माणूस एका लहान पोराची आवड वर्षानुवर्षं मनात जपून आहे.

मोठ्या माणसांच्या दुःखाबद्दल इव्हान बोलतच नाही. ती पापात भागीदार आहेत, त्यांचं त्यांनी पाहून घ्यावं. तो फक्त मुलांबद्दल बोलतो, तेही जमवलेल्या कात्रणांतून आणि ऐकलेल्या-वाचलेल्या हकिकतींतून. सात वर्षांच्या मुलीला फोकांनी झोडपणारा बाप त्यात आहे. तशा बापाचा खटला १८७६ साली पीटर्सबर्गला खरोखरच चालला, बाप सुटला, आणि दस्तयेव्हस्कीने आपल्या ‘लेखकाची दैनंदिनी’त त्यावर संतापून लिहिलं होतं. पाच वर्षांची एक मुलगी आहे. सुशिक्षित आईबापांनी तिला ऐन थंडीत रात्रभर संडासात कोंडलंय, आणि ती इवल्याशा मुठीने छाती बडवत देवाची करुणा भाकते आहे. देवाला हाक मारणारी त्या घरात ती एकटीच! हे मला या प्रकरणातलं सर्वांत भेदक चित्र वाटतं. तिच्या आईला मात्र त्या रात्री झोप लागते.

मग येतो जनरल. त्याच्या लाडक्या शिकारी कुत्र्याच्या पायाला एका भूदासाच्या आठ वर्षांच्या पोराने खेळता खेळता दगड मारला. रात्रभर पोराला कोंडून ठेवलं, सकाळी नागडं करून पळायला लावलं, आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर कुत्र्यांची झुंड सोडली. अशा माणसाचं काय करावं, असं इव्हान विचारतो. फिकट, वेड्यावाकड्या हसण्याने अल्योशा हळूच सांगून जातो की त्याला गोळी घालावी. क्षमेचा मार्ग धरलेल्या तरुणाच्या तोंडून हे वदवायला लेखकाचं धैर्य लागतं. मला तर अल्योशा या क्षणी अधिकच जवळचा वाटतो.

इथपर्यंतची मांडणी कुणीही संवेदनशील माणूस करील. इव्हानची खरी झेप यापुढे आहे. तो देव नाकारत नाही. शेवटच्या दिवशी सगळा हिशेब जुळेल, मारणारा आणि मेलेला एकमेकांना मिठी मारतील, हेही तो मान्य करतो. कदाचित त्या दिवशी आपणही जयजयकार करू, अशी त्याला भीती आहे. म्हणून आत्ताच, डोळे उघडे असताना, तो त्या सोहळ्याचं तिकीट आदरपूर्वक परत करतो. त्याचा आक्षेप क्षमेच्या अधिकारावर आहे. त्या आईने स्वतःला भोगावं लागलेलं दुःख हवं तर जनरलला माफ करावं. पोराला जे भोगावं लागलं ते माफ करण्याचा अधिकार तिलाही नाही, अगदी पोराने स्वतः माफ केलं तरीही. आणि आईलाच जर तो नसेल, तर तो साऱ्या विश्वात कुणाला आहे?

आदिपापाचा वारसा मुलांकडेही येतो, ही पळवाटही इव्हान बंद करतो. पोर मोठं होऊन पाप करणारच होतं, असं म्हणावं तर त्याला मोठं होऊच दिलं नाही. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. मागल्या जन्मीचं काहीतरी असेल, असं आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला आपल्याकडेही ऐकवलं जातं. इव्हानचा सवाल त्या उत्तरालाही तितकाच झोंबतो.

अल्योशाकडे युक्तिवाद नाही. निरपराध असून सर्वांसाठी रक्त सांडलेला ख्रिस्त सर्वांना क्षमा करू शकतो, एवढंच तो म्हणतो. हे उत्तर मोठं आहे. ख्रिस्ताने स्वतः यातना भोगल्या, त्यामुळे तो दुरून न्याय देणारा उरत नाही. पण त्या पोराच्या वतीने बोलण्याचा प्रश्न माझ्या मते त्यानेही सुटत नाही.

दस्तयेव्हस्की श्रद्धावान होता. मे १८७८मध्ये तीन वर्षांचाही न झालेला त्याचा मुलगा फेफऱ्याने गेला. त्या मुलाचं नावही अल्योशा. पुढच्याच महिन्यात दस्तयेव्हस्की ऑप्टिना मठात साधू अँब्रोसला भेटला आणि तिथून परतल्यावर कादंबरीत गढून गेला. इव्हान ज्या मुद्द्यावर उभा आहे तो मुलांच्या यातनांचा मुद्दा खोडता येण्याजोगा नाही, अशी कबुली त्याने मे १८७९मध्ये संपादकांना लिहिलेल्या पत्रात दिली आहे. विरोधकाच्या हाती आपलीच जखम देणारे लेखक थोडे.

इव्हानला उत्तर म्हणून त्याने अल्योशाचा मठातला गुरू, साधू झोसिमा, याची शिकवण लिहिली. तीत बायबलमधल्या ईयोबाची कथा येते. ईयोबाची सगळी मुलं मरतात, पुढे देव त्याला नवी मुलं देतो. जुनी गेलेली असताना नव्यांवर माया कशी करावी, हे झोसिमाच विचारतो, आणि काळाबरोबर जुनं दुःख हळूहळू शांत आनंदात विरघळतं, असं म्हणतो. ही पानं सुंदर आहेत, पण मला ती पुरत नाहीत.

बहुधा ती लेखकालाही पुरली नाहीत. कारण पुढे इल्यूशा नावाचं पोर मरणाला टेकतं आणि बापाला सांगतं, मी गेलो की दुसरा चांगला मुलगा आणा, त्याला माझंच नाव द्या. कॅप्टन स्नेगिर्योव्ह, गरीब, दारुडा, अपमानाने पिचलेला तो बाप, दुसरा मुलगा साफ नाकारतो. ईयोबाला मिळालेली भरपाई त्याला नको आहे. इव्हानच्या तोंडी जो तर्क होता, तो इथे एका बापाचं रडणं झालंय. दफनानंतर घरी कोपऱ्यात पोराचे जुने बूट दिसतात आणि तो कोसळतो. यांचं सांत्वन करण्यात अर्थ नाही, असं बाहेर आल्यावर अल्योशा म्हणतो, आणि इल्यूशाचा एक मित्र त्याच्याशी सहमत होतो. मग एका मोठ्या दगडापाशी, पुनरुत्थान होईल आणि आपण सगळे पुन्हा भेटू, असं अल्योशा आनंदाने सांगतो. पण ते तो इल्यूशाच्या मित्रांना सांगतो. बापाला हे सांगण्याचा प्रयत्नही दस्तयेव्हस्कीने त्याला करू दिलेला नाही.