न निघालेली तबकडी : कोलटकरांची चार गीते आणि बंगळूरूमधील एक लघुध्वनिमुद्रिका

कृती आधी सिद्ध होते आणि प्रकाशन ही तिच्यानंतर घडणारी निव्वळ व्यावहारिक बाब असते, असे आपल्या समीक्षेत बहुधा गृहीत धरलेले असते. लघुध्वनिमुद्रिकेचा, म्हणजे ज्याला सर्रास ‘ईपी’ म्हटले जाते त्या प्रकाराचा विचार करू लागताच हे गृहीत डळमळते. मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन्ही बाजू मिळून साधारणतः चार गीते सामावणारी सात इंची तबकडी मराठी घरांना भावगीतांमुळे आणि नाट्यपदांमुळे परिचित होती. रॉक संगीतात मात्र या प्रकाराला वेगळा अर्थ लाभला. संग्रहाइतकी सामग्री वा पैसा हाती नसलेल्या गटाने ‘आम्ही आहोत’ असे जाहीर करण्याचे ते साधन ठरले. मराठी वाङ्मयव्यवहारात त्याचे सर्वांत जवळचे नाते लघुअनियतकालिकाशी जोडता येईल. प्रस्तुत लेखात अशा दोन उदाहरणांचा तौलनिक विचार करावयाचा आहे. त्यांपैकी एक तबकडी कधी निघालीच नाही.

अरुण कोलटकर यांनी १९७३ साली मुंबईत आपल्या चार इंग्रजी गीतांची नमुना-ध्वनिफीत तयार केली. याच सुमारास ‘जेजुरी’चे लेखन चालू होते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. संगीत हा कोलटकरांच्या बाबतीत फावल्या वेळचा छंद नव्हता. अर्जुन शेजवळ यांच्याकडे त्यांनी पखवाजाचे शिक्षण घेतले होते. भजनगायक बळवंतबुवांशी असलेल्या त्यांच्या दीर्घ सहवासाचा ठसा पुढे ‘चिरीमिरी’वर (२००३) उमटला. ध्वनिफीत कंपन्यांपर्यंत पोहोचविण्याचे प्रयत्न झाले, पण तबकडी निघाली नाही. कोलटकरांच्या निधनानंतर, २००९ साली, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये त्यांच्या गीतरचना एका स्वतंत्र विभागात छापल्या गेल्या. गाण्यासाठी रचलेले शब्द वाचकांपुढे आले ते असे छापील पानावर, मुक्याने.

हे अपयश गुणवत्तेचे की साधनांचे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. कोलटकरांची पिढी प्रस्थापित प्रकाशकांच्या दारात ताटकळली नाही. १९५०च्या दशकातील ‘शब्द’पासून त्यांनी छपाईचे साधन आपल्या हाती घेतले होते. १९७६ साली ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आली ती क्लिअरिंग हाउस या कवींनीच उभारलेल्या सहकारी उपक्रमातून. १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनातून आली. छापखाना हा गल्लीतला धंदा होता. कवीला त्याच्याशी थेट बोलता येत होते. तबकडीचे तसे नव्हते. ती दाबून काढण्याची यंत्रे मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात होती. त्या काळातील भारतीय रॉक गटांची गाणी तबकडीवर आली ती बव्हंशी सिमला बीट स्पर्धेसारख्या मार्गाने. सिगारेट कंपनीच्या जाहिरातीचा भाग असलेल्या या स्पर्धेतून १९७० आणि १९७१ अशा दोन संकलित ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेव्हा एकच माणूस पुस्तकाच्या बाबतीत स्वतंत्र आणि तबकडीच्या बाबतीत परतंत्र होता.

या पारतंत्र्याचा भाषेच्या निवडीशी संबंध लावण्याचा मोह होतो. मराठीत छापणारा कवी गाताना इंग्रजीकडे वळला, कारण बाजार तिकडे होता, असे म्हणता येईल. परंतु ‘जेजुरी’ हे उदाहरणच या तर्काला छेद देते. तिचीही भाषा इंग्रजी आहे, आणि तिचे प्रकाशन बाजाराच्या आधाराने झालेले नाही. शिवाय ‘मै मॅनेजर को बोला’ ही मुंबईच्या बोलीतील कविता कोलटकरांनी स्वतः ‘थ्री कप्स ऑफ टी’ या नावाने अमेरिकी बोलभाषेच्या वळणाच्या इंग्रजीत नेली होती. त्यांच्या लेखी ब्लूजची इंग्रजी आणि फोरास रोडची हिंदी या दोन्ही रस्त्यावरच्याच भाषा होत्या. बाजाराची ओढ आणि बोलीची ओढ अशा दोन्ही गोष्टी या गीतांत एकवटल्या असाव्यात.

या पार्श्वभूमीवर बंगळूरूकडे वळणे उद्बोधक ठरते. शहराच्या दक्षिणेकडील जे. पी. नगरात २००४ साली शंकर नाग यांच्या स्मरणार्थ रंगशंकर नाट्यगृह उभे राहिले. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेल्या आणि पुढे कन्नड पडद्यावर लोकप्रिय झालेल्या या कलावंताच्या नावाचे नाट्यगृह अनेक भाषांतील नाटकांना खुले आहे. बहुभाषिकतेची अशी सवय असलेल्या या शहरात २०१० साली ‘परवाज’ हा रॉक बँड स्थापन झाला. त्याचे गायक खालिद अहमद आणि गिटारवादक काशिफ इक्बाल हे दोघेही मूळचे काश्मीरचे. २०१२ साली या गटाने ‘बेहोश’ ही लघुध्वनिमुद्रिका स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. २०१४ साली ‘बारान’ हा पूर्ण संग्रह आला. कन्नड शहरात राहून उर्दू आणि काश्मिरीत गाणे, तेही इंग्रजी ज्याची जन्मभाषा मानली जाते अशा संगीतप्रकारात, ही निवड कोणत्याही एका बाजाराचा हिशोब मांडून केलेली दिसत नाही. ध्वनिमुद्रणाची आणि वितरणाची साधने एव्हाना लहान गटांच्या आवाक्यात आली होती. १९७६ साली मुंबईच्या कवींना छापखान्याने जे दिले, ते २०१२ साली बंगळूरूच्या या गायकांना संगणकाने दिले.

मात्र ही तुलना विजयगाथेत संपविणे योग्य होणार नाही. कोलटकरांच्या ध्वनिफितीला प्रकाशन लाभले नाही, पण संपादक लाभला. म्हणून तिचे निदान शब्द टिकले. आज प्रकाशन सुलभ झाले आहे, जतन मात्र झालेले नाही. एखादी वितरणसेवा बंद पडताच तिच्यावरील गाणी दिसेनाशी होऊ शकतात. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी अनियतकालिकांचे अंक जमविण्यासाठी जे कष्ट घेतले, तसे कष्ट ध्वनीसाठी फारसे घेतलेले नाहीत. परिणामी कोलटकरांचे द्वैभाषिकत्व आपण केवळ छापील मजकुरावरून ठरवतो. ‘रेडिओ मेसेज फ्रॉम अ क्वेक हिट टाउन’ या शीर्षकातच एका आवाजाचे दूरवरून ऐकू येणे गृहीत आहे. ते गीत पानावर वाचून त्याच्या आशयाचा निवाडा करणे म्हणजे नाटकाची संहिता वाचून प्रयोगाचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे. कवीच्या दोन भाषांच्या जोडीला त्याचा आवाज ही तिसरी भाषा मानल्याखेरीज आधुनिक मराठी कवितेचा तौलनिक इतिहास पूर्ण होणार नाही.