जोडीचे नृत्य आणि उरलेली संहिता : बेंगळुरूची छावणी, मांडो आणि फुगडी

सामाजिक जोडीनृत्यांच्या ऱ्हासाची चर्चा बहुधा समाजशास्त्राच्या किंवा संगीताच्या अंगाने होते. साहित्याचा अभ्यासक तिच्याकडे वळतो तो त्या नृत्याला शब्दांची जोड असेल तरच. शब्द छापले गेले की नृत्यही टिकले, असे आपण नकळत गृहीत धरतो. प्रस्तुत टिपणात हे गृहीतक तपासावयाचे आहे. त्यासाठी एक शब्दहीन उदाहरण बेंगळुरूचे आणि एक शब्दसंपन्न उदाहरण गोव्याचे घेतले आहे.

बेंगळुरूत १८०९ मध्ये ब्रिटिशांची छावणी वसली आणि १८६८ मध्ये तेथे बाउरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. छावणीतील अँग्लो-इंडियन समाजाने वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि पुढे जाइव्ह ही नृत्ये लग्नसमारंभांत, नाताळात, नववर्षाच्या रात्री आपलीशी केली. १९४७ नंतर या समाजातील अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात गेली; १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० मध्ये विधिमंडळांतील त्यांचे नामनिर्देशित प्रतिनिधित्वही संपले. या नृत्यांपाशी स्थानिक काव्य असे नव्हतेच. गाणी तबकड्यांवरून येत, पावले तेवढी शहराची होती. म्हणून येथे संकलकाला वेचण्यासारखे काही सापडत नाही. जे आहे ते वृद्ध जोडप्यांच्या शरीरात. शहरात साल्साचे वर्ग निघाले खरे, पण वर्गात शिकलेले नृत्य आणि मावशी-काकांकडे पाहत उचललेले नृत्य यांत अंतर आहे.

कायद्यालाही हे अंतर दिसत नाही. बेंगळुरूसाठी २००५ मध्ये निघालेल्या परवाना-आदेशात लाइव्ह बँड, कॅबरे आणि डिस्कोथेक एकाच ओळीत बसविले गेले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये तो आदेश ग्राह्य ठरविला. पाहावयाचे नृत्य आणि स्वतः करावयाचे नृत्य हा भेद तेथे गौण ठरला आहे. २००५ मध्येच महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली, तिच्या वादात निदान प्रेक्षक आणि नर्तकी हे दोन पक्ष स्पष्ट होते.

मांडोची गोष्ट याच्या उलट. एकोणिसाव्या शतकात साष्टीतील ख्रिस्ती भाटकारांच्या घरांत तो आकाराला आला. कुडतरीचे आर्नाल्दो द मिनेझिस, लोटलीचे तोर्कातो द फिगेरेदो ही रचनाकारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. जुझे परेरा आणि मिकाएल मार्तिन्स यांनी मांडोंचे मोठे संकलन केले, त्यामुळे संहितेच्या दृष्टीने तो सुरक्षित आहे. ओढ, मीलन आणि विलाप असे त्याचे भावानुसार वर्गीकरणही रूढ आहे. आक्षेप या वर्गीकरणावर नाही. ते कवितेचे वर्गीकरण आहे, एवढेच लक्षात घ्यावयाचे. मांडोत पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, संथ पावलांनी पुढे येतात, मागे सरतात, एकमेकांना ओलांडून बाजू बदलतात. स्त्रियांच्या हाती पंखा असतो. स्पर्श जवळजवळ नाहीच. वॉल्ट्झमध्ये जे हाताने घडते ते येथे अंतराने घडते.

आता विलापाचा मांडो कागदावर वाचला तर तो एका विरहिणीचे एकांतगीत वाटतो. नाचताना मात्र ज्याच्यासाठी विलाप करावयाचा तो चार पावलांवर उभा असतो, आणि घरातली वडीलधारी माणसे पाहत असतात. शिवाय ‘मी’ हे सर्वनाम सारे मिळून गातात. म्हणजे मांडोतला विरह ही अनुपस्थितीची कविता नसून उपस्थितीची, तीही देखरेखीखालच्या उपस्थितीची कविता आहे. हा अर्थ शब्दांत नाही, दोन रांगांमधल्या मोकळ्या जमिनीत आहे. संकलनाने तो गमावला, असे माझे मत आहे, आणि या हानीची दखल मांडोच्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

मांडोचा आधार होता तो दिवाणखाना, आणि दिवाणखान्याचा आधार भाटकारी. १९६१ नंतरचे स्थलांतर, १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकार कायदा यांनी तो आधार काढून घेतला. आणि तो काढला जाणे न्याय्यच होते. मांडोच्या स्मरणरंजनात मुंडकाराची आठवण क्वचितच येते. पुढे पणजीच्या मांडो महोत्सवाने या प्रकाराला व्यासपीठ दिले. पण रंगमंचावर दोन रांगांना तिसरी दिशा मिळाली, प्रेक्षकांची. जोडीदाराकडे पाहणे आणि परीक्षकांना दिसणे या दोन क्रिया एकाच शरीराला जमत नाहीत. वाद्यही बदलले. घोरपडीचे कातडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वर्ज्य झाले आणि घुमट बकऱ्याच्या कातड्याने मढवले जाऊ लागले; २०१९ मध्ये गोव्याने त्याला वारसावाद्याचा दर्जा दिला.

तुलनेसाठी फादो आणि टँगो पाहावेत. फादोच्या आरंभीच्या इतिहासात नृत्य होते, ते गळाले आणि गीत राहिले. टँगोने मात्र जोडी सोडली नाही. युनेस्कोने टँगोला २००९ मध्ये आणि फादोला २०११ मध्ये वारशाच्या यादीत घेतले. यादीच्या दृष्टीने दोन्ही सारखीच जिवंत.

मराठी वाचकाने दूर जाण्याचीही गरज नाही. फुगडी हे दोघींचे नृत्य. एकीने हात सोडला तर दुसरी पडते, इतके ते परस्परावलंबी आहे. संतांनी तिचे रूपक केले, लोकसाहित्याच्या संग्राहकांनी तिचे उखाणे छापले. त्या पानांवर गिरकी नाही, आणि घट्ट धरलेली मनगटेही नाहीत.

फिगेरेदो यांचा ‘अदेउस’ हा मांडो आज निरोपाच्या प्रसंगी हमखास गायला जातो. गाणारे बहुधा एकाच घोळक्यात उभे असतात. समोर कोणी नसते.