कारलं आवडायला लागतं, म्हणजे नेमकं काय होतं?



आज आपण कारल्याबद्दल बोलणार आहोत. अभिरुचीवरच्या व्याख्यानात भाजी कशाला, असं काहींना वाटेल. पण 'रुची' हा शब्द आपण साहित्यात नेला तो ताटातूनच. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना दाखला दिलाय तो जेवणाचा. तेव्हा आपणही ताटापासून सुरुवात करायला हरकत नाही.

घरोघरी एक गोष्ट सांगितली जाते, ती आम्हाला तपासायची आहे. "लहानपणी मला कारलं अजिबात आवडायचं नाही. घरच्यांनी सक्तीने खायला लावलं, म्हणून आज मी आवडीने खातो." ही गोष्ट सांगणारा माणूस बहुतेक वेळा ती पुढच्या पिढीला ऐकवत असतो, आणि ऐकवताना समोरच्या ताटात एक फोड वाढत असतो. ऐकायला छान आहे. प्रश्न असा, की 'म्हणून' हा शब्द त्यात बसतो का?

आधी आपली भाषा बघू. कारल्याची भाजी चांगली झाली, की आपण काय म्हणतो? "वा, अजिबात कडू लागत नाही हो!" म्हणजे कारल्याची स्तुती कशासाठी, तर ते कारल्यासारखं लागत नाही यासाठी. आंबा आंबट नाही म्हणून वाखाणला तर समजू शकतं. पण कडूपणा हा कारल्याचा दोष नाही, ते त्याचं असणं आहे. आपली पाककृतीही याच दिशेने जाते. चकत्या करा, मीठ चोळा, तासभर ठेवा, घट्ट पिळा, पाणी टाकून द्या, मग चिंच आणि गूळ घाला. यात वाईट काही नाही, भाजी उत्तम होते. पण ही भाजी आवडणं आणि कारलं आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ध्यानात ठेवू. जो माणूस पुढे न पिळलेल्या काचऱ्या तेलात कुरकुरीत परतून खायला लागतो, त्याच्याबद्दल आपण बोलतोय.

त्या माणसात काय बदललं? आपल्याकडे म्हण आहे, कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. म्हण वापरतात ती माणसाच्या स्वभावाबद्दल, पण कारल्याबद्दलही ती खरी आहे. कारलं बदलत नाही. बरं, जीभ बधिर होते म्हणावं, तर तसंही नाही. कारलं आवडणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "कडू आहे ना, म्हणून तर मजा." कडूपणा त्याला कळतो, पण आता तो नकोसा वाटत नाही.

हे कसं घडतं, याचा चांगला अभ्यास मिरचीवर झालाय. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका खेड्यात काम केलं आणि 1980 साली ते प्रसिद्ध केलं. तिथे तान्ह्या मुलाला मिरची आवडत नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. मोठी माणसं खातात, मूल बघतं, थोडी थोडी चाखतं. खाल्ली म्हणून बक्षीस नाही, नाही खाल्ली म्हणून बोलणी नाहीत. साधारण पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान मूल आपणहून मिरची मागायला लागतं. याच भागातल्या कुत्र्यांना आणि डुकरांनाही उष्ट्या-खरकट्यातून रोज मिरची मिळते. पण निवड दिली, की ती बिनमिरचीचंच खातात. म्हणजे वारंवार पोटात जाणं एवढ्याने आवड तयार होत नाही. मुलाला आणखी काहीतरी मिळत असतं: आपली माणसं हे मजेत खातायत, हे दिसणं.

दुसरं काम लीअन बर्च यांचं, लहान मुलांवरचं. 1982 साली त्यांनी दाखवलं, की अनोळखी पदार्थ मुलांना जितक्या वेळा चाखायला मिळाला, तितका तो त्यांना आवडू लागला. नुसता बघून उपयोग नाही, चाखावा लागतो, हेही पुढे दिसलं. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते त्यांचं 1984 चं काम. 'हे प्यायलास तर ते मिळेल' अशी अट घातली, तेव्हा ते पेय मुलांना आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. अट लावली, की मूल हिशेब करतं: ज्यासाठी लाच द्यावी लागते, ते चांगलं कसं असेल?

आता गुढीपाडव्याचा कडुनिंब आठवा. गूळ, ओवा, हिंग, भिजवलेली चण्याची डाळ घालून आपण तो दरवर्षी खातो. साठीच्या माणसाने तो पन्नासेक वेळा तरी खाल्लेला असतो. तरी दुसऱ्या दिवशी "आज पुन्हा करा" असं कुणी म्हणतं का हो? वर्षातून एकदा, डोळे मिटून, कर्तव्य म्हणून. कर्तव्य पार पडतं, आवडीला मात्र जागाच मिळत नाही.

मग सक्तीने कारलं आवडलं असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. पण ज्यांच्यावर तीच सक्ती झाली आणि ज्यांनी मोठेपणी कारल्याचं तोंडही बघितलं नाही, ते ही गोष्ट सांगायला येत नाहीत. व्यासपीठ फक्त जिंकलेल्यांना मिळतं. शिवाय ज्यांना आवडलं, त्यांच्या घरात सक्तीच्या जोडीला बाकीही पुष्कळ असणार. आजोबा मिटक्या मारत खात असतील, मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या डब्यातली भरली कारली असतील. श्रेय मात्र सगळं धाकाला जातं.

आणि इथे आपल्याला कारल्यावरचं मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं आठवायला हवं. भोंडल्यातलं, कारल्याच्या वेलाचं. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर फूल येऊ दे. फूल आलं, तर कारलं येऊ दे. मग भाजी कर, मग ती खा. बी लावल्यापासून कारलं हाताशी यायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे परवानगी दोन महिने लांबली. या गाण्याकडे आपण सासूचा खाष्टपणा म्हणून हसून बघतो. आम्हाला त्यातली एक पायरी फार बोचते: भाजी खाणं हीसुद्धा आज्ञा आहे. कष्ट तर घेतलेच, वर चवही ठरवून दिली. सासूने भोपळ्याचा वेल का लावायला सांगितला नाही? कारण इथे कडूपणाच हवा आहे. सासरचं ते खायचं, गोड मानायचं, आणि तोंड वाकडं करायचं नाही. सून कारल्याला नको म्हणत नाही, आवडलं असंही म्हणत नाही. तिला कुणी विचारलेलंच नाही.

आता याच भोंडल्याचा शेवट बघा. गाणी संपली, की खिरापत. डबा झाकलेला. आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं: गोड की तिखट, वाफवलेलं की तळलेलं. ओळखू येऊ नये म्हणून आया मुद्दाम काहीतरी वेगळं करतात. डबा उघडेपर्यंत मुलींना इतकी उत्सुकता असते, की एरवी ज्याला नाक मुरडलं असतं, तेही चाखून बघितलं जातं. एवढंसं, मैत्रिणींबरोबर, हसत. नाही आवडलं तरी कुणी रागावत नाही. एकाच अंगणात, एकाच संध्याकाळी दोन्ही रीती हजर आहेत. गाण्यात हुकमाने खाणं आहे, आणि गाण्यानंतर कुतूहलाने खाणं. रोझिन आणि बर्च जे सांगतात, ते आपल्या खिरापतीला आधीच ठाऊक होतं. पण घरी जेवायला बसलो, की आपण खिरापत विसरतो आणि सासूबाई होतो.

कुणी म्हणेल, एका भाजीसाठी एवढा ऊहापोह? मंडळी, जिभाही सगळ्यांच्या सारख्या नसतात. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती जहर कडू लागली, फॉक्सला काहीच लागली नाही. हा फरक बराचसा जन्मजात असतो, हे पुढे सिद्ध झालं. तो पदार्थ कारल्यात नाही, पण कडू चवीबाबत माणसामाणसांत असं अंतर असतं, एवढं त्यातून घ्यायला हवं. ताटासमोर रडकुंडीला आलेल्या पोराला आपण "नाटकं करतो" म्हणतो. कदाचित त्याला खरंच आपल्यापेक्षा जास्त कडू लागत असेल. त्याच्या जिभेचं म्हणणं आपण खोटं ठरवतो, आणि ते मूल एक धडा शिकतं: मला काय वाटतं ते मी सांगायचं नसतं. हा धडा कारल्याबरोबर संपत नाही. पुढे पुस्तकाबद्दल, गाण्याबद्दल, माणसांबद्दलही तो तसाच चालू राहतो. अभिरुचीच्या व्याख्यानात कारलं आणलं ते यासाठी.

नावडतं आवडायला लागणं ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. जग एका चवीने वाढतं. पण ती आवड आपली म्हणायची, तर नावडही आपली म्हणायची मुभा हवी. ज्या घरात "नको" म्हणता येतं, तिथलंच "वाढ अजून" खरं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी कारलं कराल, तेव्हा एवढंच करा. स्वतः आवडीने खा. एक काचरी ताटाच्या कडेला ठेवा, आणि तिच्याबद्दल काही बोलू नका.